कुत्र्यांचं हॉस्टेल काढता, पण रात्री तिथं निजणार कोण?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, भाऊ. कारंजा लाडपासून ९ किलोमीटरवर रस्त्याला लागून दोन एकर वावर आहे, विहिरीला पाणी आहे, आणि तालुक्याच्या गावात आता घरोघर लॅब, जर्मन शेफर्ड, पॉमेरियन दिसतात. लग्नाला, देवाला, लेकीच्या बाळंतपणाला जायचं म्हटलं की माणसं कुत्र्यापायी अडतात. म्हणून वावरात बोर्डिंग, डे-केअर आणि ट्रेनिंग असं तिन्ही काढायचा तुमचा बेत आहे. तुम्ही विचारलंत की टिनाच्या शेडमध्ये वीस खोल्या काढाव्यात का, नागपूरला जुने लोखंडी पिंजरे स्वस्तात मिळताहेत ते उचलावेत का, आणि ट्रेनिंग मोबाइलवर बघून शिकता येतं का.

मी वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात बोर धरणाकडच्या अंगाला ११ वर्षं हेच काम करतोय. शेवटची म्हैस विकली आणि रिकाम्या गोठ्यात सुरुवात केली. त्यामुळे जे सांगतोय ते बहुतेक चुकून शिकलेलं आहे.

खोल्यांचा हिशेब तुम्ही पहिला मांडलाय, पण तो या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग. गवंडी आला की पंधरा-वीस दिवसांत खोल्या उभ्या. अवघड असते ती रात्र. दिवसभर कुत्रं नवीन जागा हुंगतं, धावतं, रमल्यासारखं दिसतं. नऊ वाजता दिवा मालवला की त्याला घर आठवतं. पहिल्या दोन रात्री बरीच कुत्री जेवणाला तोंड लावत नाहीत, दाराच्या फटीला नाक लावून बसतात. एकानं गळा काढला की बाकीची सूर धरतात. शेजारी खाट टाकून कोणी निजलेलं असलं, नावानं एकदा ‘काय रे’ म्हणालं, की निम्मी गडबड तिथंच निवते. पोट फुगणं, उलट्या, झटका हेही बहुधा रात्रीच कळतं, कारण दिवसा चार माणसं बघत असतात.

म्हणून मी उलट विचारतो: रात्री तिथं कोण निजणार? सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, असं उत्तर असेल तर थांबा. सालदाराला ढोरांची सवय असते, कुत्र्याचं दुखणं त्याला चेहऱ्यावरून कळत नाही. शिवाय दिवाळीत त्यालाही घरी जायचं असतं, आणि तुमची गर्दी नेमकी दिवाळीत. मी ११ वर्षांत एकही दिवाळी बायकोपोरांसोबत घरात झोपून काढली नाही. हे घरच्यांना आधी विचारा, बँकेला नंतर.

बाकी बरंच काही जागेवर अवलंबून आहे. तुमच्याकडे वीज किती वेळ असते, वावर गावठाणापासून किती दूर, जंगल किती जवळ, तालुक्याच्या पशुवैद्यकाला कुत्र्यांचा हात आहे की फक्त ढोरांचा, हे मला इथून दिसत नाही. पण दोन गोष्टी पूर्ण विदर्भाला सारख्या: ऊन आणि गोचीड. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षी मीही टिनाचंच शेड केलं होतं. दोन कूलर लावले आणि निर्धास्त झालो. मे महिन्यात एका दुपारी वावधन, म्हणजे वादळ सुटलं, लाइन गेली. अर्ध्या तासानं चक्कर मारली तर चार वर्षांचा एक लॅब भिंतीला टेकून उभा. जीभ हातभर बाहेर आणि विटकरी लाल, लाळेची चिकट तार लोंबतेय, मागचे पाय लुळे पडताहेत. ताप पाहिला तर १०६. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. मी घाबरून त्याला ओल्या टॉवेलात गुंडाळलं. ती दुसरी चूक. तो टॉवेल पाच-दहा मिनिटांत गरम होतो आणि अंगातली उष्णता आतच कोंडून धरतो. पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर साधं विहिरीचं पाणी ओतत राहायचं आणि सुपानं का होईना, वारा घालायचा. बर्फ लावायचा नाही. १०३ पर्यंत उतरलं की पाणी थांबवायचं, नाहीतर अंग उलट जास्तच गार पडतं. आणि लगेच गाडीत घालून दवाखाना, कारण कुत्रं उठून चालू लागलं तरी आतले अवयव बिघडलेले असू शकतात. तो लॅब तीन दिवस सलाइनवर राहून वाचला. मालकाला त्याच संध्याकाळी फोन करून खरं ते सांगितलं. त्यांनी पुन्हा कधी कुत्रं पाठवलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंज्यांना थोडासा येतो, बाकी सगळा भार धापेवर. धापेनं जिभेवरची ओल उडते आणि रक्त गार होतं. हे नीट समजून घेतलं की कूलरचं गणितही समजतं. मे महिन्यात आपली हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा वाळ्याच्या पडद्याचा कूलर उत्तम चालतो. पण मृग लागला, हवा दमट झाली, की तोच कूलर बंद खोलीत ओल भरत राहतो. मग कुत्रं कितीही धापलं तरी जिभेवरची ओल उडत नाही. पारा ४५ वरून ३७ वर आलेला असतो, आपण निश्चिंत असतो, आणि कुत्रं मात्र तळमळतं. जूनमध्ये मी कूलरचं पाणी बंद करतो, समोरासमोरच्या खिडक्या उघडतो आणि नुसता पंखा चालवतो. म्हणून खोली बांधताना दोन बाजूंना खिडकी हवीच. इन्व्हर्टर पंख्यांपुरता का होईना, पहिल्या दिवसापासून घ्या. पग, बुलडॉग अशी चपट्या नाकाची कुत्री मी १५ एप्रिल ते जून अखेर घेतच नाही, कोणी दुप्पट पैसे देतो म्हटलं तरी.

छपराचं म्हणाल तर टिन टाळा. गावोगाव जुनी घरं पाडताहेत, कवेलू, म्हणजे कौलं, जवळपास फुकट मिळतात. मी दुहेरी कवेलू घातलेत, वर कडुनिंबाची सावली आहे. माकडं कवेलू फोडतात आणि दर पावसाळ्याआधी फेरायला लागतात, तो ताप वेगळा. टिनावर तुराट्यांचा थर टाकतात काही जण. त्यात विंचू राहतात आणि एक ठिणगी पुरते, म्हणून मी तसं करत नाही.

आता गोचीड. ढोरांवरचं आणि कुत्र्यावरचं गोचीड एकच, असं आपण लहानपणापासून मानतो. तसं नाही. कुत्र्याचं तपकिरी गोचीड घरात राहणारं आहे. रक्त पिऊन टरारलेली मादी खाली पडते, भिंत चढते, एखाद्या भेगेत शिरते आणि तिथं हजारो अंडी घालून मरते. माझा जुना गोठा मातीच्या भिंतीचा, शेणानं सारवलेला, म्हणजे तिच्यासाठी वाडाच. दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी कंदील भिंतीजवळ धरला तर कण्यांएवढे बारीक ठिपके आढ्याकडे सरकताना दिसले. तो महिना मी एकही कुत्रं घेतलं नाही. भिंती फोडून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला, कोपरे गोल केले, दाराच्या चौकटीच्या फटी बुजवल्या. जो खर्च सुरुवातीला वाचवला होता त्याच्या दुप्पट गेला. जुना गोठा वापरायचा तुमचाही विचार असेल, तर हे आधीच करून घ्या. खाली शहाबादी फरशी, नालीकडे उतार. चकचकीत टाइल्स नकोत, मोठ्या कुत्र्यांचे मागचे पाय घसरतात आणि कंबर धरते.

फाटकावरच प्रत्येक कुत्रं तपासा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी. माझ्याकडे याला पंधरा मिनिटं लागतात आणि घाईतला मालक चिडतो. चिडू द्या. गोचिडातून येणारा ताप चढला तर कुत्रं जेवण सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. तो ताप तुमच्याकडे आल्यावर चढला की गोचीड तुमचंच ठरतं. आणि एक हात जोडून सांगणं: ढोरांवर फवारायचं औषध अंदाजानं पाण्यात कालवून कुत्र्यावर ओतू नका. प्रमाण चुकलं की कुत्रं लाळ गाळत थरथरायला लागतं. डॉक्टरांनी वजनावरून दिलेलं तेवढंच वापरा.

लसींच्या बाबतीत मी फार कडक आहे. कार्डाशिवाय प्रवेश नाही, मग तो सख्खा मामा का असेना. कार्डावर वार्षिक लस आणि रेबीजची लस, दोन्हीच्या तारखा पाहतो. ‘काल टोचून आणलं’ हे चालत नाही, पहिल्यांदाच दिलेली लस अंगी लागायला तीन-चार आठवडे जातात. पिल्लांचा डोसांचा क्रम पूर्ण झाल्याशिवाय, म्हणजे साधारण साडेचार महिन्यांपर्यंत, मी घेत नाही. एकदा ओळखीतल्या माणसाला नाही म्हणवलं नाही आणि तीन महिन्यांचं पिल्लू ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी त्याला रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो. शिरकाव झालेला असला तरी लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस जातात, म्हणून येताना ते उड्या मारत आलं होतं. पार्व्होचा विषाणू मातीत वर्षभरही टिकतो आणि फिनाइलला दाद देत नाही. आधी घाण पूर्ण धुवायची, मग ब्लीच एकास तीस पाण्यात कालवून दहा मिनिटं तसंच भिजत ठेवायचं. ज्या अंगणात ते पिल्लू खेळलं होतं तिथली वीतभर माती मी उकरून टाकली आणि फरशी घातली. एकच खोली बाकीच्यांपासून २०–२५ फूट दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बांधून ठेवा. संशय आला की कुत्रं तिकडे, आणि तिथली बादली-झाडू इकडे आणायचे नाहीत.

रेबीजची लस तुम्ही आणि तिथं काम करणारा प्रत्येक जण आधीच घ्या. तरीही चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. चुना, हळद, मिरची काहीही लावायचं नाही. आमच्याकडे अजून लावतात.

इथवरचं थोडक्यात: तुमच्या वीस खोल्यांऐवजी पहिल्या वर्षी चार खोल्या आणि एक दूरची. समोरासमोर खिडक्या, गुळगुळीत भिंती, पंख्यापुरता इन्व्हर्टर, फाटकाला दुहेरी दार. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दिवाळीचा पहिला सुतळी बॉम्ब फुटला की जे कुत्रं कधी पळत नाही ते पळतं. जाळी सहा फूट उंच आणि फूटभर जमिनीत गाडलेली, कारण बीगलसारखी कुत्री उडी मारण्याऐवजी उकरतात. जंगल जवळ असेल तर रात्री एकही कुत्रं उघड्यावर नको. बोर व्याघ्र प्रकल्प माझ्यापासून हाकेवर आहे, आणि बिबट्याला साखळीनं बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढलेलं ताट.

डे-केअर सोडून द्या. पुण्या-मुंबईत नवरा-बायको दोघं ऑफिसला जातात म्हणून ते चालतं. आपल्याकडे घरी आजी असते, अंगण असतं. ९ किलोमीटर सकाळी आणि ९ संध्याकाळी, तेही जाऊन-येऊन, कोणी गाडी काढणार नाही. समृद्धी महामार्गामुळे नागपूरचं गिऱ्हाईक येईल असं तुम्ही लिहिलंय. मुंबई-पुण्याकडे जाताना ठेवून येताना नेणारा एखादा येईलही, पण त्याच्यावर धंदा उभा करू नका. तुमचं गिऱ्हाईक वीस किलोमीटरच्या आतलं: शिक्षक, बँकेतले बदलीवर आलेले लोक, डॉक्टर, किराणा-कापडाचे व्यापारी. गावातला माणूस ‘कुत्रं ठेवायचे पैसे घेता?’ म्हणून हसेल. मलाही हसले.

ट्रेनिंगचं मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण यात फसवणूक फार चालते. ‘२१ दिवसांत कुत्रं तयार’ असं सांगून ठेवून घेतात. तयार होतंही, पण शिकवणाऱ्यासमोर. घरी नेलं की दोन दिवसांत पहिल्यासारखं. माझ्याकडे सेलूच्या एका कुटुंबाचा शेफर्ड होता. माझ्या एका शब्दावर बसायचा, घरी कोणाचं ऐकायचा नाही. म्हणून मी त्यांच्या घरी गेलो आणि ओसरीवर बसून नुसतं पाहिलं. वडील म्हणायचे ‘बस’, पोरगा म्हणायचा ‘सिट’, आजी म्हणायची ‘बैस ना रे बाप्पा’. आणि नाही बसला तर तिघंही चिडून तिघांचे शब्द एकदम. कुत्र्यानं काय ठरवावं? घरच्यांना एका कागदावर पाच शब्द लिहून दिले, तो कागद फ्रिजला चिकटवला. दोन आठवड्यांत फरक पडला. कुत्र्याला मी नवीन काहीच शिकवलं नव्हतं.

मोबाइलवर बघून शिकता येतं, पण एका गोष्टीचा अंदाज त्यातून येत नाही, ती म्हणजे वेळ. कुत्रं बसलं त्या क्षणाला बक्षीस मिळालं पाहिजे. तुम्ही खिशात हात घालून शेंगदाणा शोधेपर्यंत ते उठलेलं असतं, आणि बक्षीस उठण्याचं होतं. म्हणून तुकडा आधीच मुठीत धरायचा. उकडलेल्या कलेजीचे हरभऱ्याएवढे तुकडे मला सगळ्यात बरे पडतात. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, जेवणाच्या आधी. हे स्वतःच्या कुत्र्यावर सहा महिने करा, मग गावातल्या एका भटक्यावर करा. त्याला जमलं तर फी घ्या. आणि मी फी घेतो ती मालकानं शेवटचे चार दिवस स्वतः यायच्या अटीवर. ज्यांना वेळ नाही त्यांचं कुत्रं मी फक्त ठेवतो, शिकवत नाही.

शेतकरी येतील ते वेगळंच मागतील: ‘याला चावरं करून द्या.’ रानडुक्कर, रोही (नीलगाय), चोर, सगळ्यांसाठी. आमच्याकडे त्यासाठी कुत्र्याला दिवसभर बांधून ठेवतात, मिरची खाऊ घालतात. त्यानं कुत्रं राखण शिकत नाही, फक्त घाबरट होतं, आणि घाबरट कुत्रं शेजाऱ्याच्या पोराला चावतं. जागलीला भुंकणारं कुत्रं पुरतं. अनोळखी माणूस दिसला की भुंकणं आणि धन्यानं ‘पुरे’ म्हटलं की थांबणं, एवढंच मी शिकवतो. अंगावर सोडायचं शिकवणं मी नाकारतो. जनावर सांभाळण्यात निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा होतो, आणि ‘ट्रेनरनं शिकवलं होतं’ हे वाक्य पोलीस स्टेशनात माझ्या नावासकट येणार.

पैशांचं: मी मोठ्या कुत्र्याचे दिवसाला ४०० घेतो, जेवण मालकाचं. जेवण घरचंच आणायला सांगा, कारण अन्न एकदम बदललं की पातळ शी ठरलेली. दिवाळीचे दहा-बारा दिवस आणि एप्रिल-मे भरलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये मी सोयाबीनच्या डवऱ्यामागे असतो, कुत्री एक-दोन. म्हणून शेती सोडू नका. कागद फार नाहीत: ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, दुकाने कायद्याखालची सूचना (कामगार थोडे असले की नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचनाच पुरते), आणि शेतजमिनीवर बांधकामाचं तलाठ्याला विचारून. पिल्लं विकायच्या फंदात पडलात तर मात्र २०१७ चे प्रजननाचे नियम लागू होतात, त्याची नोंदणी वेगळी. मी म्हणेन, पडूच नका. माजावर असलेली मादीही ठेवून घेऊ नका. पंचक्रोशीतले कुत्रे तुमच्या जाळीभोवती मुक्कामाला येतील आणि ६३ दिवसांनी मालक तुमच्या दारात.

मालकाकडून एक पान लिहून घ्या: त्यांना फोन लागला नाही तर कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं आणि किती रुपयांपर्यंत खर्च करायची परवानगी आहे. तालुक्याच्या डॉक्टरांना आजच जाऊन विचारा की फ्रिजमध्ये कुत्र्यांच्या लसी असतात का आणि रात्री फोन उचलतील का. मोठ्या दुखण्याला तुम्हाला अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था जवळ पडेल. वाट एकदा रात्री गाडीनं जाऊन बघून या.

पिंजऱ्यांचं राहिलं. जुने पिंजरे घेऊ नका. कोणत्या कुत्र्याचा पार्व्हो त्यांच्या जोडांमध्ये बसलाय ते विकणारा सांगणार नाही, आणि लोखंड मे महिन्यात हात लावू देत नाही.

काही घ्यायच्या आधी नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चार रात्री माझ्याकडे या. तेव्हा माझ्याकडे आठ-नऊ कुत्री असतात. खाट माझी देतो, मच्छरदाणी तेवढी आणा. रात्री दोनच्या फेरीला मी तुम्हाला उठवीन.